जॉबवर्कचा करार मराठीत कसा लिहावा: नव्याने धंद्यात उतरणाऱ्यांसाठी

‘रिजेक्ट मालाची जबाबदारी जॉबवर्करची राहील व त्याची रक्कम बिलातून वळती करण्यात येईल.’

या एका वाक्याखाली मी सही केली, तेव्हा कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत माझं मशीनशॉप सुरू होऊन चारच महिने झाले होते. दोन लेथ, एक व्हीएमसी (संगणकावर चालणारं मिलिंग मशीन), तीन माणसं. एका फाउंड्रीकडून, म्हणजे ओतकामाच्या कारखान्याकडून, पंपाच्या बॉडीचं मशीनिंगचं काम मिळालं. माल त्यांचा, त्यावर मजुरीने काम माझं, यालाच जॉबवर्क म्हणतात. ३०० नग, नगाला ८५ रुपये मजुरी. काम वेळेत दिलं. पंधरवड्याने डेबिट नोट, म्हणजे बिलातून रक्कम कापल्याची लेखी सूचना, आली: ४२ नग रिजेक्ट. कास्टिंगची, म्हणजे ओतलेल्या कच्च्या नगाची, किंमत नगामागे ६४० रुपये आणि वर माझी ८५ रुपये मजुरी, अशी मिळून ३०,४५० रुपयांची वळती. माझं सगळं बिल होतं २५,५०० रुपयांचं. म्हणजे काम करून मीच ४,९५० रुपये देणं लागत होतो.

मी नग परत मागवून बघितले. बहुतेकांत बोअरच्या (आतल्या भोकाच्या) आत ब्लो होल, म्हणजे ओतताना अडकलेल्या हवेची पोकळी, उघडा पडला होता. तो ओतकामातला दोष. माझ्या टूलने वरचा थर निघाला म्हणून तो दिसला एवढंच. पण करारात ‘रिजेक्ट माल’ एवढेच दोन शब्द होते आणि त्यांत माझी चूकही बसत होती, त्यांचीही. समोरचा माणूस लबाड नव्हता. त्याने त्याच्या सोयीचा अर्थ काढला, मी माझ्या. वाक्य दोघांनाही होकार देत होतं.

त्यानंतर मी स्वतःचे करार स्वतः मराठीत लिहायला शिकलो. मोठ्या रकमेचा करार वकिलाला दाखवतोच, तुम्हीही दाखवा. पण काय ठरलंय हे वकिलाला माहीत नसतं, ते आपल्यालाच नेमकं मांडावं लागतं. उद्यमनगर, गोकुळ शिरगाव, कागल, इचलकरंजी, हुपरी, कुठेही काम करून देणाऱ्या-घेणाऱ्या नव्या माणसाला उपयोगी पडेल अशा क्रमाने सगळं सांगतो.

आधी जवळ काय हवं

दोन्ही बाजूंचं पॅन आणि जीएसटी नोंदणी प्रमाणपत्र. आपलं उद्यम नोंदणी (सूक्ष्म, लघु, मध्यम उद्योगांची सरकारी नोंदणी) प्रमाणपत्र. भागीदारी असेल तर भागीदारीपत्र आणि फर्म नोंदणीचा दाखला. समोर प्रायव्हेट लिमिटेड कंपनी असेल तर सही करणाऱ्याला अधिकार देणारा संचालक मंडळाचा ठराव. ड्रॉइंग, त्यावरच्या रिव्हिजन नंबरासकट. दराचं कोटेशन. आजवर झालेले ईमेल आणि व्हॉट्सअ‍ॅपचे निरोप, छापून. आणि एक कोरी वही.

१. आधी वहीत, आपल्या बोलण्यातल्या मराठीत

बहुतेक जण इथंच चुकतात. ओळखीच्याकडून जुना करार आणतात, नावं बदलतात आणि सही करतात. त्या करारात दुसऱ्याच कुणाचे तरी व्यवहार दडलेले असतात. मी एकदा जागेच्या भाडेकराराचं एक कलम जॉबवर्कच्या करारात जसंच्या तसं आलेलं बघितलंय.

वहीत सहा प्रश्न लिहा: कोण, काय, किती, कधी, कुठे, आणि नाही झालं तर काय. ठरलेल्या प्रत्येक गोष्टीला हे सहाही प्रश्न विचारा. ‘माल ते पोचवणार’ असं ठरलंय ना? मग टेम्पो कुणाचा, भाडं कुणाचं, उतरवून घेणार कोण, वाटेत नग आपटला तर कुणाचा? सहाव्या प्रश्नाचं उत्तर नवा माणूस सहसा विचारतच नाही, कारण संबंध चांगले असताना ते विचारायला संकोच वाटतो. ‘दादा, होतंय की, काय अडतंय’ असं म्हणून विषय संपतो. पण संबंध चांगले असतात तेव्हाच विचारा. पुढं तो प्रश्न भांडणाच्या आवाजात विचारावा लागतो.

करार मराठीत चालतो का, असं मला पुष्कळ जण विचारतात. चालतो. भारतीय करार कायदा १८७२ चा आहे आणि करार अमुक भाषेतच हवा असं त्यात कुठंही नाही. मात्र इंग्रजी आणि मराठी अशा दोन प्रती करणार असाल, तर ‘दोन्ही प्रतींत फरक आढळल्यास मराठी प्रत ग्राह्य धरली जाईल’ असं वाक्य, किंवा याच्या उलट, घातल्याशिवाय सही करू नका.

२. पक्षकारांना कामाची नावं द्या

आपल्याकडे जुन्या दस्तांत ‘लिहून देणार’ आणि ‘लिहून घेणार’ असतात. चार पानांनंतर कोण देणार आणि कोण घेणार हे लिहिणाऱ्यालाही आठवत नाही. मी एका करारात ही दोन नावं मध्येच उलटी झालेली बघितली आहेत आणि पैसे द्यायची जबाबदारी त्यामुळे पैसे घेणाऱ्यावर आली होती. म्हणून सुरुवातीलाच पूर्ण नाव-पत्ता लिहून पुढे म्हणा: ‘यापुढे या करारात “फाउंड्री” असे म्हटले आहे’, ‘यापुढे “मशीनशॉप” असे म्हटले आहे’. आणि मग शेवटपर्यंत तेच शब्द. एकदा ‘मशीनशॉप’, एकदा ‘जॉबवर्कर’, एकदा ‘ठेकेदार’ असं नको. निबंधात तोच शब्द पुन्हा आला की खटकतो, करारात तो पुन्हा यायलाच हवा.

‘त्यांनी’, ‘त्यांचे’, ‘सदर’, ‘उपरोक्त’ हे शब्द शक्य तिथं काढा. ‘फाउंड्री मशीनशॉपला त्यांच्या खर्चाने नग पाठवेल’ यात खर्च कुणाचा? ‘फाउंड्री स्वतःच्या खर्चाने’ असं लिहिलं की प्रश्न मिटतो.

भागीदारी फर्म असेल तर नोंदणी आहे का बघा. नोंदणी नसलेल्या फर्मला करारातल्या हक्कासाठी दुसऱ्यावर दावा लावता येत नाही, हे १९३२ च्या भागीदारी कायद्याचं ६९ वं कलम सांगतं. आपली फर्म असेल तर आधी ती नोंदवून घ्या.

३. धंद्यातल्या शब्दांचे अर्थ लिहून ठेवा

माझं नुकसान झालं ते इथं, म्हणून या पायरीवर थांबून वाचा.

करार कायद्याच्या २९ व्या कलमात म्हटलंय की ज्या कराराचा अर्थ निश्चित नाही किंवा निश्चित करता येत नाही, तो रद्दबातल. कायद्यातच उदाहरण दिलंय: एकाने दुसऱ्याला ‘शंभर टन तेल’ विकायचं कबूल केलं, पण कुठलं तेल हे कशातूनच कळत नाही, तर तो करार टिकत नाही. आपण ‘चांगल्या दर्जाचा माल’, ‘योग्य फिनिशिंग’, ‘मार्केट रेटने’ असं लिहितो, तेव्हा शंभर टन तेलाच्या फार जवळ गेलेलो असतो.

आता मी रिजेक्शनचं कलम असं लिहितो:

‘तपासणीत नापास झालेला प्रत्येक नग पुढीलपैकी एका प्रकारात मोडेल.

(अ) ओतकामाचा दोष: ब्लो होल, वाळू अडकणे, तडा, कमी मटेरियल किंवा ड्रॉइंगपेक्षा जास्त कठीणपणा. हा दोष मशीनिंगपूर्वी दिसो वा नंतर, तो फाउंड्रीचा दोष आहे. जेवढी ऑपरेशन्स पूर्ण झाली असतील तेवढ्यांची मजुरी फाउंड्री मशीनशॉपला देईल.

(ब) मशीनिंगचा दोष: ड्रॉइंगवरील टॉलरन्सबाहेर (मापात चालणाऱ्या फरकाबाहेर) गेलेले माप, टूलची खूण किंवा चुकीचे आटे. अशा नगाची मजुरी मशीनशॉप मागणार नाही. एका लॉटमध्ये असे नग दर १०० नगांमागे २ पेक्षा जास्त झाल्यास, या मर्यादेवरच्या प्रत्येक नगासाठी मशीनशॉप फाउंड्रीला कास्टिंगची किंमत, भंगाराची किंमत वजा करून, देईल.

(क) दोष कोणाचा यावर एकमत नसल्यास दोन्ही पक्षांचे प्रत्येकी एक प्रतिनिधी ७ दिवसांच्या आत मशीनशॉपमध्ये नग एकत्र तपासतील. त्यानंतरही एकमत न झाल्यास दोघांनी परिशिष्ट २ मध्ये नाव दिलेल्या प्रयोगशाळेचा अहवाल दोघांवर बंधनकारक राहील. प्रयोगशाळेचा खर्च ज्याचा दोष ठरेल तो देईल.’

हे कलम आधीच्या एका ओळीपेक्षा कितीतरी लांब आहे. लांबीला घाबरू नका. आखूड कलमाला सोपं समजायची चूक मी ३०,४५० रुपयांना शिकलो.

याच पायरीवर मशीनिंगच्या चुऱ्याचं भंगार कुणाचं हेही लिहा. महिन्याच्या शेवटी त्याचं पोतं भरतं तेव्हा तो बारका विषय राहत नाही. दर वजनावर असेल तर कुठलं वजन, कास्टिंगचं की तयार नगाचं, आणि कुणाच्या काट्यावर? चपलांचा करार असेल तर ‘नग’ म्हणजे एक चप्पल की जोड?

४. क्रियापद बघा

मराठी करारात सगळ्यात जास्त घोटाळा क्रियापदात असतो आणि त्याकडे कुणी बघत नाही.

‘माल पोहोच करण्यात येईल.’ कोण करणार? ‘रक्कम अदा केली जाईल.’ कोण अदा करणार? सरकारी पत्रांमुळे आपल्या हाताला ‘करण्यात येईल’ची सवय लागली आहे. त्यात काम आहे, पण करणारा माणूस गायब आहे. करार लिहून झाला की ‘येईल’ आणि ‘जाईल’ या शब्दांखाली लाल पेनाने रेघ मारा आणि प्रत्येक ठिकाणी कर्ता घाला: ‘फाउंड्री माल मशीनशॉपच्या दारात पोहोच करेल.’

दुसरं, ‘तपासावा’, ‘कळवावे’, ‘द्यावी’. हे रूप सल्लाही असतं आणि हुकूमही. ‘फाउंड्रीने माल ७ दिवसांत तपासावा’ आणि तपासला नाही तर? बंधन असेल तर ‘तपासेल’ किंवा ‘तपासणे बंधनकारक आहे’ लिहा. मुभा असेल तर ‘तपासू शकेल’. हे दोनच प्रकार ठेवा. ‘शक्यतो’, ‘लवकरात लवकर’, ‘वगैरे’, ‘गरजेनुसार’ हे काढून टाका. ‘परस्पर संमतीने नंतर ठरवू’ हे तर काहीच ठरलं नसल्याची लेखी कबुली आहे. दर नंतर ठरवायचाच असेल तर कसा ठरेल ते लिहा.

‘व’ आणि ‘किंवा’ एकाच वाक्यात आले की वाक्य तोडा. ‘भाडे व हमाली किंवा विमा फाउंड्री देईल’ याचे दोन अर्थ होतात. तीन छोटी वाक्यं करा.

५. दिवस, टक्के, आकडे

आपण बोलताना आठवड्याला ‘आठ दिवस’ म्हणतो. ‘आठ दिवसांत पेमेंट’ म्हणजे सात दिवस की आठ? कुठल्या दिवसापासून, बिलाच्या तारखेपासून की डिलिव्हरी चलनावर (मालासोबत जाणाऱ्या कागदावर) शिक्का पडल्यापासून? सुट्ट्या धरून? तारीख लिहा, नाहीतर ‘डिलिव्हरी चलनावरील पोचेच्या तारखेचा पुढचा दिवस पहिला धरून ७ दिवस, सुट्ट्यांसह’ असं लिहा. ‘पाडव्याला हिशेब पूर्ण करू’ यातला पाडवा गुढीपाडवा की दिवाळीचा, यावर पाच-सात महिन्यांचा फरक पडतो.

‘दोन टक्के व्याज’ बाजारात बोलताना दरमहा असतं, बँकेत बोलताना वार्षिक. ‘दरसाल’ किंवा ‘दरमहा’ हा शब्द टक्क्याच्या आधी हवाच.

रक्कम आकड्यात आणि अक्षरात, दोन्ही लिहा. देवनागरी एक घाईत इंग्रजी नऊसारखा दिसतो, देवनागरी चार इंग्रजी आठसारखा. हाताने दुरुस्त्या केलेल्या करारात हे हमखास होतं. संपूर्ण करारात एकाच लिपीतले आकडे ठेवा.

वेळेची अट लिहिलीच नाही तर करार कायद्याच्या ४६ व्या कलमाप्रमाणे काम ‘वाजवी वेळेत’ करायचं असतं, आणि वाजवी म्हणजे किती हे त्या त्या प्रकरणातल्या वस्तुस्थितीवर ठरतं. ते ठरवायला दुसरा कुणीतरी बसण्याची वेळ आणू नका.

६. पैशाचं कलम

तुमचा उद्योग सूक्ष्म किंवा लघु गटात असेल आणि उद्यम नोंदणी असेल, तर २००६ चा एमएसएमईडी (सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास) कायदा तुमच्या बाजूला आहे. माल किंवा काम स्वीकारल्यापासून, करारात काहीही लिहिलेलं असलं तरी, पैसे द्यायची मुदत ४५ दिवसांपेक्षा जास्त असू शकत नाही. समोरच्याने ९० दिवस लिहून आणले तर हे शांतपणे दाखवा. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेने जाहीर केलेल्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागतं.

यात एक बारीक गोष्ट आहे. माल मिळाल्यापासून १५ दिवसांच्या आत खरेदीदाराने लेखी हरकत घेतली नाही, तर माल पोचला त्याच दिवशी स्वीकारला असं कायदा धरतो. माझ्या त्या ४२ नगांची हरकत पंधराव्या दिवसाच्या आत आली होती की नंतर, हे सांगायला माझ्याकडे चलनाची पोच नव्हती. सही-शिक्क्याची पोच घेतल्याशिवाय टेम्पो परत आणू नका. आणि उद्यम नोंदणी काम सुरू करण्याआधीच करून ठेवा.

७. नाही झालं तर

उशिरासाठी दंड लिहिताना वाटेल तो आकडा घालू नका, कुणी घातला तर घाबरूनही जाऊ नका. करार कायद्याच्या ७४ व्या कलमानुसार लिहिलेली रक्कम ही कमाल मर्यादा असते. तिच्या आत जे वाजवी ठरेल तेवढंच मिळतं.

‘नैसर्गिक आपत्ती’ हा शब्द कोल्हापूरकराने मोघम सोडू नये. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या महापुरात पुणे-बेंगळुरू महामार्ग शिरोलीजवळ पाण्याखाली जाऊन बंद पडला होता. नग तयार होते, पण गाडी निघत नव्हती. पुण्यातल्या खरेदी विभागाला इथला पूर डोळ्यांपुढे येत नाही. म्हणून मी आता असं लिहितो: ‘पंचगंगेची पातळी राजाराम बंधाऱ्यावर ४३ फूट किंवा त्याहून जास्त असेल किंवा महामार्ग शिरोलीजवळ वाहतुकीला बंद असेल, तेवढे दिवस आणि त्यानंतरचे ३ दिवस डिलिव्हरीच्या मुदतीत मोजले जाणार नाहीत. मशीनशॉप हे २४ तासांच्या आत ईमेलने कळवेल.’ ४३ फूट ही तिथली धोका पातळी आहे आणि जिल्हा प्रशासन रोज आकडे जाहीर करतं, त्यामुळे वादाला जागाच उरत नाही. आपल्या गावातली अशी मोजता येणारी खूण शोधा.

८. कागदांत भांडण लागलं तर कुठला खरा

करार एक म्हणतो आणि प्रत्येक पीओच्या (पर्चेस ऑर्डरच्या) मागे बारीक अक्षरांत दुसऱ्याच अटी छापलेल्या असतात. ‘या करारात आणि पीओ, बिल किंवा चलनावरील छापील अटींत फरक असल्यास हा करार ग्राह्य धरला जाईल’ हे वाक्य घालाच.

न्यायालय कुठलं हेही त्या छापील अटींत पुण्या-मुंबईचं असू शकतं. काम कोल्हापुरात होत असेल तर ‘फक्त कोल्हापूर येथील न्यायालये’ असं लिहा. मात्र ज्या गावाचा व्यवहाराशी काहीच संबंध नाही, तिथल्या न्यायालयाला केवळ करारात लिहून अधिकार मिळत नाही. ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंचही कोल्हापुरात बसतं, त्यामुळे उच्च न्यायालयातल्या कामासाठी मुंबई गाठायची वेळ आता येत नाही. लवाद, म्हणजे न्यायालयाबाहेर निवाडा करणारा पंच, हवा असेल तर तसं लेखीच लागतं. किती लवाद, नेमणार कोण, बसणार कुठे, भाषा कुठली, एवढं लिहा.

९. मुद्रांक आणि सह्या

ज्या करारांना आधी १०० रुपयांचा मुद्रांक चालायचा, त्यांतल्या बऱ्याच करारांना ऑक्टोबर २०२४ पासून महाराष्ट्रात ५०० रुपयांचा लागतो. आपल्या कराराला किती लागतो हे विचारून घ्या, कारण काही प्रकारांत तो रकमेवर ठरतो. मुद्रांक सहीच्या आधीचा, त्याच दिवशीचा किंवा फार तर कामकाजाच्या दुसऱ्या दिवशीचा हवा, आणि विकत घेतल्यापासून सहा महिन्यांच्या आत वापरलेला. मुद्रांक कमी पडला म्हणून करार खोटा ठरत नाही, पण उरलेलं शुल्क आणि दंड भरेपर्यंत न्यायालय तो पुराव्यात घेत नाही. नोटरीच्या शिक्क्याने ही उणीव भरून निघत नाही.

प्रत्येक पानावर दोघांची सही, खाडाखोड असेल तिथं दोघांची लहान सही, परिशिष्टांवर आणि ड्रॉइंगवरही. साक्षीदार दोन.

१०. सहीच्या आधी बाहेरच्या माणसाकडून वाचून घ्या

माझी बहीण शाळेत शिकवते. तिला मशीनिंगमधलं काहीच माहीत नाही, म्हणूनच मी करार तिला देतो. ती मोठ्याने वाचते आणि मी काही न बोलता ऐकतो. पहिल्याच वेळी ती तिसऱ्या कलमावर थांबली. ‘दादा, हे “तपासून परत पाठवेल” म्हणजे सगळे नग परत की खराब तेवढेच?’ मी सांगायला तोंड उघडलं आणि लक्षात आलं की मी समजावतोय याचाच अर्थ ते कागदावर नाही. ज्या ज्या ठिकाणी वाचणारा थांबतो, तिथं समजावू नका, पेनाने खूण करा आणि वाक्य पुन्हा लिहा. समोरच्या पक्षालाही प्रत्येक कलमाचा अर्थ त्यांच्या शब्दांत सांगायला लावा. आमचा ‘लॉट’ या शब्दाचा फरक असाच सापडला: ते महिन्याचा सगळा माल म्हणत होते, मी एका चलनावरचा.

सही झाल्यावर दर किंवा ड्रॉइंग बदललं तर व्हॉट्सअ‍ॅपवर ‘ओके’ घेऊन थांबू नका. ‘पुरवणी क्रमांक १’ म्हणून एक पान काढा: कुठलं कलम, आधी काय होतं, आता काय आहे, कुठल्या तारखेपासून, दोघांच्या सह्या. ते मूळ कराराला जोडा. एक प्रत ऑफिसच्या फाईलीत आणि एक शॉपवर, ड्रॉइंगच्या शेजारी. आमच्या इन्स्पेक्शनच्या टेबलावर रिजेक्शनच्या कलमाचं पान प्लास्टिकच्या कव्हरात लावलंय, कारण हातात घेतलेला नग ‘अ’ की ‘ब’ हे ठरवायची वेळ तिथंच येते.